गवती चहाची जुडी आणि ताटलीतले पाणी

मंडईत शिरले की आम्हा दोघी जावांचा रस्ता ठरलेला असतो. आधी कांदे-बटाटे, मग पालेभाज्या, आणि सर्वांत शेवटी आले, लिंबू, पुदिना, कढीपत्ता घेऊन बसणाऱ्या मावशींकडे. त्यांच्यासमोरच्या ओल्या गोणपाटावर गवती चहाच्या जुड्या रचलेल्या असतात. लांब, खरखरीत, हिरव्या पातीची ही जुडी पिशवीत उभी राहत नाही. ती दुमडून, दोऱ्याने बांधून घ्यावी लागते. परतीच्या बसमध्ये पिशवी पायाशी ठेवली तरी शेजारची बाई विचारते, “गवती चहा घेतला का?”

आमचे घर पूर्वी मोमीनपुऱ्यात होते. तिथून मंडई पायी जाण्याइतकी जवळ. आता आम्ही कोंढव्याला राहतो, पण रविवारची भाजी अजून मंडईतूनच येते. 1886 मध्ये ही वास्तू उभी राहिली तेव्हा तिचे नाव होते रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना ज्या जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, खालून मेट्रो आली, पण अष्टकोनी मनोऱ्याभोवतीचा किरकोळ बाजार आणि मावशींचे गोणपाट अजून तिथेच आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मात्र दीड महिना आमच्या पिशवीत गवती चहा आला नाही, आणि गॅलरीतल्या कुंडीतला कोणी तोडला नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. या गवताचे गुण आमच्या भगिनींना नव्याने सांगण्याची गरज नाही. ते कुठपर्यंत उपयोगाचे आहे आणि कुठे थांबायचे, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

चहा नसलेला चहा

नावात चहा असला तरी गवती चहाचा आणि चहाच्या झाडाचा काही संबंध नाही. हे ज्वारी-उसाच्या कुळातले गवत आहे. चहात असते ते कॅफीन यात नाही, म्हणून रात्री तरावीहनंतर नुसत्या पातीचा कोरा चहा घेतला तरी झोप उडत नाही. याचा लिंबासारखा वास येतो तो ‘सिट्रल’ नावाच्या द्रव्यामुळे. पानातल्या तेलात साधारण सत्तर ते ऐंशी टक्के सिट्रलच असते. लिंबाच्या सालीतही ते थोडे असते. तेल मात्र फार कमी निघते: शंभर किलो ओल्या पातीतून पाव ते अर्धा किलोच्या आसपास. केरळात या तेलाचा मोठा व्यवसाय होता. साबण, सुगंधी द्रव्ये, इतकेच काय, ‘अ’ जीवनसत्त्व बनवण्यासाठीही सिट्रल वापरले जाते.

आमच्या घरी पातीचा उपयोग तीन प्रकारे होतो. पहिला अर्थातच चहात. पाती कात्रीने बोटभर कापून आल्याबरोबर आधी नुसत्या पाण्यात तीन-चार मिनिटे उकळायची, मग चहा पावडर आणि शेवटी दूध. पाती फार वेळ उकळली तर कडवटपणा येतो. दुसरा उपयोग काढ्यात: पाती, आले, तुळस, दोन मिरे आणि गूळ. तिसरा आम्ही अलीकडे शिकलो. पातीचा खालचा पांढरट, जाड बुंधा आपण फेकून देतो. तो ठेचून रश्श्यात किंवा यखनीत टाकायचा आणि वाढण्याआधी काढून घ्यायचा. इंडोनेशिया आणि मलेशियातल्या घरांत ईदच्या रेंडांगमध्ये हा बुंधा असतोच. तिकडे पात्याच्या चहापेक्षा बुंध्याचा स्वयंपाकच जास्त. एकदा मटणाच्या सुपात टाकून पाहा. पुदिना घालायची आठवणही होणार नाही.

इजखिरचे भावंड

या गवताच्या खानदानाची आणखी एक ओळख अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, आम्हाला करून दिली. हदीसच्या ग्रंथांत ‘इजखिर’ नावाच्या सुगंधी गवताचा उल्लेख अनेकदा येतो. अरबस्तानातल्या कोरड्या जमिनीत वाढणारे हे गवत आपल्या गवती चहाच्याच जातकुळीतले आहे. दोघांचे वनस्पतिशास्त्रातले घराणे एकच.

मक्का फतह झाली त्या वेळी पैगंबर (स.) यांनी हरमच्या हद्दीतली झाडे-गवत तोडण्यास मनाई केली. तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी विनंती केली की, इजखिरला तरी सवलत असावी, कारण लोहार-सोनारांना आणि घरांना त्याची गरज लागते. ती विनंती लगेच मान्य झाली. उहुदच्या मैदानात हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या कफनाला एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर डोके. तेव्हा चादर डोक्यावर ओढून पायांवर इजखिर घालण्यास सांगितले गेले. हजरत अली (रजि.) यांनी आपल्या वलीम्याच्या खर्चासाठी इजखिर आणून सोनारांना विकण्याचा बेत केला होता. आणि हिजरतनंतर मदीनेत हजरत बिलाल (रजि.) तापाने फणफणले तेव्हा त्यांना मक्केच्या खोऱ्यातल्या याच गवताची आठवण होत होती.

छपराला, भट्टीला, लग्नाला आणि कबरीला उपयोगी पडणारे हे गरिबाघरचे गवत. तापातल्या माणसाला त्याची आठवण यावी, हेही आम्हाला फार जवळचे वाटते. आमच्या घरातही ताप आला की सर्वांत आधी गवतच आठवायचे.

सप्टेंबरमधला ताप

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आमच्यातल्या धाकटीच्या मुलाला ताप आला. वय नऊ. गुरुवारी शाळेतून आला तो डोके धरूनच. अंग तापलेले, डोळ्यांच्या मागे दुखते म्हणत होता. अम्मींनी नेहमीप्रमाणे गॅलरीतल्या कुंडीतून पाती तोडली, काढा केला, पांघरूण घातले. हे आमच्या घरात कायमच होत आले आहे. आमचे नवरे याच काढ्यावर वाढले. घरातली थोरली मुलगी दोन वेळा याच काढ्याने बरी झाली, असे आम्ही मानत होतो. ते साधे सर्दी-ताप होते आणि काढा दिला नसता तरी तीन दिवसांत उतरले असते, हा विचार कधी मनात आला नाही.

शुक्रवारी ताप होताच. शनिवारी पाऊस होता आणि घरातले पुरुष कामावर. ‘उद्या बघू’ असे आम्ही दोघीही म्हणालो. हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण नंतर घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सगळा दोष अम्मींच्या काढ्याला दिला. रिक्षा करून दवाखान्यात न्यायचे काम अम्मींचे नव्हते, आमचे होते.

रविवारी रात्री मुलाला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. अम्मींनी कपाळाला हात लावला, दुआ वाचून फुंकर घातली आणि म्हणाल्या, “बुखार उतर्‍या, अब सोने देव उसकू.” चार रात्रींनी आम्ही सगळे झोपलो.

सोमवारी सकाळी ताप नव्हता, पण मुलगा उठेना. पोटात जोरात दुखते म्हणाला. दोनदा उलटी झाली. दात घासताना हिरड्यांतून रक्त आले. तेव्हा मात्र आम्ही त्याला उचलून रिक्षात घातले.

डेंग्यू होता. प्लेटलेट खाली गेल्या होत्या. पाच दिवस सलाईनवर, दर काही तासांनी रक्ततपासणी. अल्लाहच्या कृपेने तो घरी आला. पण डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते आम्ही तेव्हाच वहीत उतरवून घेतले. तेच इथे देत आहोत.

डेंग्यूत ताप उतरणे म्हणजे आजार उतरणे नव्हे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि काही रुग्णांत खरा धोका तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपू लागते, रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, विलक्षण सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, यांतले एक जरी चिन्ह दिसले तरी वाट पाहायची नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत ताप दोन दिवस टिकला तर डॉक्टरांना दाखवायचे आणि रक्त तपासायचे. ताप कमी करण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

“काढ्याने नुकसान झाले का?” असे आम्ही भीतभीतच विचारले. डॉक्टर म्हणाले, “काढ्याने काही बिघडलं नाही. पोटात पाणी गेलं ते चांगलंच झालं. बिघडलं ते काढ्यावर विसंबून थांबल्यामुळे.”

ताटलीतल्या अळ्या

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. मुलगा दवाखान्यात असतानाच महापालिकेचे कर्मचारी इमारतीत तपासणीला आले. त्यांनी टाकी पाहिली, कूलर पाहिला, मग गॅलरीत गेले. गवती चहाच्या कुंडीखालची प्लास्टिकची ताटली त्यांनी बाहेर ओढली आणि त्यावर टॉर्चचा प्रकाश टाकला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

ती कुंडी आम्ही तिथे का ठेवली होती? डास येऊ नयेत म्हणून. गवती चहा लावला की डास फिरकत नाहीत, असे आम्हाला कोणीतरी सांगितले होते आणि आम्हीही चार जणींना सांगितले होते.

यातले खरे असे: डास पळवण्यासाठी ज्याचे तेल वापरतात ते सिट्रोनेला हे गवती चहाचे भावंड आहे, गवती चहा नव्हे. गवती चहाच्या तेलालाही थोडाफार तसा गुण आहे, पण तेल पानाच्या आत असते. पान चुरडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. नुसती उभी कुंडी डासाला अडवत नाही. उलट डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. त्याला ताटलीभर पाणी पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, ताटली घासावी लागते. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणीही पुरेशी नाही.

वासाने माणूस फसतो, हे या गवताच्या खानदानाला नवे नाही. खानदेश आणि निमाडच्या जंगलात याच जातीचे रोशा गवत उगवते. त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास. पूर्वी हे तेल मुंबईहून अरबस्तानच्या बंदरांमार्गे इस्तंबूलला जाई आणि तिथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळले जाई. घेणाऱ्याला वाटे, अस्सल गुलाब. आम्हालाही लिंबाच्या त्या ताज्या वासाने असेच वाटत राहिले, की घर स्वच्छ आहे, हवा शुद्ध आहे, आणि काढ्याचा वास दरवळतोय म्हणजे आजारावर इलाज चालू आहे. वासाने जीवाला बरे वाटते. त्याला इलाज समजायचे नाही.

आता आम्ही कसे सांभाळतो

एवढे सगळे होऊनही दोष गवताचा नव्हता. त्यामुळे कुंडी आम्ही टाकली नाही, लावण्याची पद्धत बदलली. ज्यांना नव्याने लावायचा असेल त्यांच्यासाठी:

लावणी: मंडईतल्या बहुतेक जुड्यांत नुसती पाती असते, ती रुजत नाही. पांढरट बुंधा आणि त्याला थोडी मुळे असलेले ठोंब मागून घ्या. मुळे नसली पण बुंधा शाबूत असला तर पाती वरून कापून तो दोन इंच पाण्यात उभा ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. पाणी मात्र एक दिवसाआड बदला. आता आम्ही त्या ग्लासालाही विसरत नाही. लावायला जून-जुलै उत्तम.

कुंडी आणि जागा: निदान बारा इंची, तळाला भोके असलेली कुंडी किंवा जुना डबा. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाड वाळू. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत पाती लांबते, पण वास फिका राहतो.

पाणी: गवत काटक आहे, पण पाण्यात पाय बुडवून उभे राहणे त्याला मानवत नाही, मुळे कुजतात. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी. म्हणजे ताटलीतले पाणी त्याला स्वतःलाही नकोच असते. आम्ही ताटली काढून कुंडी दोन विटांवर ठेवली आहे. ज्यांना खालच्या मजल्यावर पाणी गळण्याची अडचण आहे त्यांनी ताटलीत वाळू भरावी. घरातली सगळी साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, पालथी घालायची. आरोग्य खाते त्याला ‘कोरडा दिवस’ म्हणते. आमच्याकडे जुम्याच्या सकाळी घराची सफाई होतेच, त्यातच हे काम बसवले आहे.

तोडणी: लावल्यापासून तीन-चार महिन्यांनी. बाहेरची पाती आधी, जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून. पातीच्या कडा धारदार असतात. हाताने ओढली तर बोट कापते, म्हणून कात्री वापरा. मुलांना तोडायला सांगू नका. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणीही कमी करा. पानांवर तांबूस-नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. ती पाने कापून टाका आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला.

विभागणी: दोन-तीन वर्षांत बेट कुंडीत मावेनासे होते आणि मधली पाती वाळू लागते. तेव्हा सगळे बेट उपटून त्याचे ठोंब वेगळे करा. वाळलेला मधला भाग टाकून द्या, कडेचे ठसठशीत ठोंब पुन्हा लावा. उरलेले शेजारी वाटा. एका बेटातून दहा-पंधरा घरे सहज होतात.

साठवण: पाती सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, किंवा कापून फ्रीजरमध्ये.

आणि दोन सावधगिरीच्या सूचना. बाजारात मिळणारे गवती चहाचे तेल पिण्यासाठी नाही. ते थेट अंगाला लावू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. गरोदर भगिनींनी आणि रोजची औषधे चालू असलेल्यांनी दाट काढा रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चहातल्या दोन पात्यांची गोष्ट वेगळी.

पुन्हा मंडईत

मुलगा घरी आल्यावर अम्मी त्याच्याशी बोलत, पण स्वयंपाकघरात कमी येऊ लागल्या. चहा आम्ही देऊ तसा पीत. कुंडीकडे पाहत नसत. आम्ही समजूत काढायला गेलो की म्हणत, “मी झोपा म्हणाले तुम्हाला.” त्यावर काय बोलावे ते आम्हाला सुचत नसे. “आम्हीही झोपलोच ना, अम्मी,” एवढेच आम्ही म्हणायचो.

नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी मुलगा अभ्यास करता करता म्हणाला, “दादी, तुमचा गवती चहा बनवा ना. अम्मी बनवते त्यात गोड कमी असतं.” अम्मी बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता, नुसती हुक्की आली होती. तेव्हा कुठे त्या उठल्या. कुंडीतली पाती वाळून पिवळी पडली होती. त्यांनी ती बुंध्यापासून कापून काढली आणि त्या रात्री चहा पुदिन्यावर भागवला.

त्या रविवारी त्या आमच्याबरोबर मंडईत आल्या. गुडघे दुखतात, त्यामुळे हल्ली येत नाहीत. मावशींच्या गोणपाटासमोर उभ्या राहून त्यांनी चार जुड्या उलटसुलट करून पाहिल्या, मुळे असलेले ठोंब शोधले आणि भावात घासाघीसही केली. मावशींनी विचारले, “आजी, इतके दिवस दिसला नाहीत?” अम्मी म्हणाल्या, “नातू आजारी होता. आता बरा आहे.”

काढा आमच्या घरात अजूनही होतो. पण आता फ्रीजवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ताप सुरू झालेला वार लिहायचा, आणि दुसरा दिवस उलटला की दवाखाना. उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कागदावरचे अक्षर अम्मींचे आहे. आणि जुम्याच्या सकाळी गुडघे कुरकुरत असले तरी गॅलरीत वाकून कुंडीखाली त्या स्वतः हात फिरवून बघतात, कोरडे आहे ना.